आर्थरियन, पण कुठल्या काळचं?

मुलांनो, 'शिवकालीन' हे विशेषण तुम्ही शंभरदा वाचलं असेल. शिवकालीन किल्ला, शिवकालीन नाणं. महाराजांचा जन्म कधीचा, राज्याभिषेक कधीचा, सारं आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हे विशेषण बिनधास्त लावता येतं.

आता इंग्रजीतलं एक विशेषण घ्या : 'आर्थरियन'. आर्थर राजाचं ते आर्थरियन. दगडात रुतलेली तलवार उपसून राजा झालेला, गोल मेजाभोवती आपले शिलेदार बसवणारा, तोच हा आर्थर. मग मराठीत 'आर्थरकालीन' म्हणायचं का? तिथेच तर पंचाईत आहे! गोष्टी सांगतात, पाचव्या-सहाव्या शतकात तो ब्रिटनमध्ये सॅक्सन लोकांशी लढला. पण त्या काळचा भक्कम पुरावा एकही नाही. असा राजा खरोखर होऊन गेला का, याचीच इतिहासकारांना शंका आहे.

म्हणजे हे विशेषण काळाचं नव्हे, गोष्टींचं. आणि गोष्टी कशा वाढतात बघा. ११३८ च्या सुमाराला जेफ्री ऑफ मॉन्मथ यानं लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांची बखर लिहिली. तिच्यात आर्थर मोठा सम्राट आहे, पण गोल मेजाचा पत्ताच नाही! ते आणलं वेस नावाच्या कवीनं, ११५५ साली. कारण काय, तर प्रत्येक सरदार स्वतःला सगळ्यांत थोर समजायचा, आणि गोल मेजाला वरची जागा नसते. (आपल्या लग्नाच्या पंगतीतही असं मेज हवं होतं, नाही का?) इतिहासाच्या पुस्तकातली 'गोलमेज परिषद' आठवते ना? डॉ. आंबेडकर १९३० ते १९३२ मध्ये लंडनला ज्या तिन्ही परिषदांना गेले, त्यांच्या नावामागे समान मानानं बसण्याची हीच कल्पना आहे. आर्थरचा लाडका शिलेदार लान्सलॉट तर वेसनंतर एका फ्रेंच कवीनं गोष्टीत आणला.

इंग्लंडमध्ये विंचेस्टरला एका जुन्या दालनाच्या भिंतीवर लाकडी गोल मेज टांगलेलं आहे. व्यास साडेपाच मीटर! त्यावर आर्थरचं चित्र आणि २४ शिलेदारांची नावं. पुष्कळ लोक ते आर्थरचंच समजत. १९७६ साली शास्त्रज्ञांनी ते खाली उतरवून तपासलं. लाकडातली वर्तुळं मोजली, तेव्हा मेज निघालं तेराव्या शतकातलं. आणि वरचा रंग? तो दिला आठव्या हेन्री राजानं, सोळाव्या शतकात.

मग ते मेज आर्थरचं का? नाही. पण आर्थरियन? अगदी शंभर टक्के!