हुकमाने शिक्षण होत नाही

धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर चालुक्यकालीन. त्यावरील शिल्पे कोरणारे हात एका दिवसाच्या वर्गात तयार झाले नव्हते. जाणत्यांच्या शेजारी बसून, चुकत चुकत ते घडले. अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण देणाऱ्या शासनाच्या हे गावीही नाही.

‘सेविकांना नवे शिकायची इच्छाच नसते’ हे साहेबी रडगाणे जुने आहे. इच्छा नसते, की मारली जाते? २०२१ साली इंग्रजीत माहिती भरावी लागणारे पोषण ट्रॅकर त्यांच्या माथी मारले गेले. सेविकांनी नादुरुस्त मोबाईल शासनाला परत केले. हा शिकण्यास नकार नव्हता, अपमानास होता.

प्रश्न विचारला की नोटीस, चुकले की मानधनात कपात, अशा ठिकाणी माणूस काम शिकत नाही. चूक लपवायला शिकतो. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेचा गाडा ओढणाऱ्या या स्त्रियांना वेतन नाही, मानधन! त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्कही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला. कामगार म्हणून मान्यताच नसेल, तर व्यवसायनिष्ठा कोठून यावी?

मात्र ‘पगार वाढेल तेव्हा शिकू’ ही वृत्तीही चळवळीला घातक आहे. तिची किंमत गरिबांची पोरे मोजतात. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांबरोबर सेविकाही घडवल्या, त्या धाकाने नव्हे, सोबतीने.

म्हणून संघटनेच्या मागणीपत्रात वेतनाच्या कलमाशेजारी दुसरे कलम आलेच पाहिजे: मराठीतून, कामाच्या वेळेत, निर्भयपणे शिकण्याचा हक्क.