कैलासाचे श्रेय कोणाला?

छत्रपती संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटरवर, वेरूळच्या सोळाव्या लेण्यात म्हणजे कैलासात पाऊल टाकले, की ‘माणसांनी हे केले तरी कसे?’ हा प्रश्न पडतोच. आठव्या शतकात, मुख्यतः राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, अखंड डोंगर वरून खाली कोरत आणून हे मंदिर उभे राहिले. प्रश्न पडायलाच हवा. काळजी वाटते ती मोबाइलवरच्या चित्रफितींतून फिरणाऱ्या उत्तराची. परग्रहावरून कोणी आले होते, किंवा आज हरवलेले एखादे अचाट यंत्र होते, असे त्या चित्रफिती छातीठोकपणे सांगतात. हे उत्तर विज्ञानाचा वेश घेते, पण त्यात विज्ञान नाही. शिवाय आपल्या भाविक परंपरेने कारागिराला जे श्रेय दिले, तेही ते हिरावून घेते.

राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराजाचा इ. स. ८१२चा ताम्रपट बडोद्यास सापडला. कृष्णराजाने एलापुरास, म्हणजे वेरूळला, करवलेल्या मंदिराचे त्यात वर्णन आहे. विमानांतून जाणारे देवही ते पाहून थक्क होतात आणि हे स्वयंभूच असावे असे म्हणतात. म्हणजे ‘हे माणसाचे काम नव्हे’ ही भावना बाराशे वर्षे जुनी आहे. पण कवी तिथे थांबत नाही. तो शिल्पकाराला पुढे आणतो, आणि आपल्या हातून हे घडले कसे, याचे नवल खुद्द त्या शिल्पकारालाच वाटते. ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली कथाही अशीच आहे. मंदिराचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीने पण केला. पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने कळसापासूनच काम धरले आणि राणीचा उपास सुटला. कथा म्हणजे इतिहास नव्हे. तरीही कळस आधी आणि पाया शेवटी, ही कामाची रीत तिने अचूक जपली, आणि कारागिराचे नावही.

इतका दगड माणसाच्या हाताने निघणे शक्यच नाही, हा नेहमीचा आक्षेप. हिशेब करून पाहू. काढलेल्या दगडाचा प्रचलित अंदाज दोन लाख टनांचा आहे. काळ्या पाषाणाचा घनमीटर पावणेतीन ते तीन टन भरतो, म्हणजे झाले सुमारे ७० हजार घनमीटर. वर्षाला ३०० दिवस धरून १५ वर्षे काम चालले असे माना, तर रोज साधारण १६ घनमीटर दगड निघायला हवा. एका पाथरवटाने दिवसाकाठी दीड फूट लांब, रुंद आणि उंच ठोकळ्याएवढा दगड फोडला, तर सुमारे १६० माणसे पुरतात. त्याच्या निम्मेच काम झाले असे धरा, ३२० लागतील. दगडाचा अंदाज दुप्पट करा, ६४०. राडारोडा वाहणारे आणि टाक्यांना धार लावणारे लोहार वेगळे. दख्खनवर राज्य करणाऱ्या राजाला एवढी माणसे पोसणे जड नव्हते. त्यातून हे सारे काम एकाच राजाच्या काळातले नाही, असे अनेक अभ्यासक मानतात.

दगड कठीण, हे खरे. पण याच दगडाचे पाटे-वरवंटे आणि जाती आपल्या पाथरवटांनी टाकी-हातोड्याने घडवली. वरून कोरत आल्याने परांच्याही बांधाव्या लागल्या नाहीत. पुरावा हवा असेल तर अजिंठ्याचे चोविसावे लेणे पाहा. ते अपुरेच राहिले. अर्धवट सुटलेले खांब आणि खडबडीत दगड यांत काम कोणत्या क्रमाने चालले, हे नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. चमत्कार कधी अर्ध्यावर सुटत नाही. अर्ध्यावर सुटते ते माणसाचे काम.

असा हिशेब मांडला की श्रद्धेला धक्का बसतो, असे काहींना वाटेल. पण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणणारी भाषा आपली आहे. ते घाव घालणारा हात नाकारून देवाचा मान कसा वाढेल? चित्रफितींनी कोणाचे काय बिघडते, असेही विचारले जाते. बिघडते ते मुलांचे. उत्तर आधीच अद्भुत ठरले, की मोजायची इच्छाच मरते. म्हणून शाळेची सहल वेरूळला जाईल तेव्हा शिक्षकांनी मुलांना कैलासाच्या अंगणात बसवून हा गुणाकार-भागाकार करायला लावावा. नंतर त्या मुलांनी मान वर केली, की त्यांना कळसाबरोबर तो घडवणारी माणसेही दिसतील.