रोगी सोडून सर्वांची सोय

हॉस्पिटलातली खोली रोग्यासाठी बांधलेली नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. ती रोग्याला भेटायला येणाऱ्यांसाठी बांधलेली असते. पटत नसेल तर कुठल्याही डिलक्स रूममध्ये जाऊन एकेका वस्तूची झडती घ्या.

सोफा पाहा. त्यावर रोगी बसतो का? नाही. त्यावर बसतात ते, 'आमच्या साडूंचंही अगदी असंच झालं होतं, पण ते गेले' हे सांगायला आलेले हितचिंतक. फ्रीज पाहा. त्यात चारच्या पाहुण्यांनी आणलेली शहाळी असतात आणि ती सहाचे पाहुणे पितात. टी. व्ही. रोग्याच्या समोर असतो खरा, पण रिमोट मेव्हण्याच्या हातात असतो. सूर्यास्ताचे सुंदर चित्र नेमके रोग्याच्या डोक्यामागे टांगलेले असते.

रोग्याच्या वाट्याला येते ते फक्त छत. चोवीस तास उताणे पडायचे आणि डोळ्यांवर पांढराफटक दिवा झेलायचा. त्याचे बटन दाराजवळ. बेल असते, पण तिची वायर कॉटच्या मागे लोंबत असते. म्हणजे जो उठून बेल दाबू शकतो त्याला बेलची गरज नसते आणि ज्याला गरज असते त्याला ती सापडत नाही.

मागे हर्नियाच्या निमित्ताने मी अशा खोलीत तीन रात्री काढल्या. 'काढल्या' म्हणतो, 'झोपलो' म्हणत नाही. साडेदहाला दिवे मालवले. अकराला ब्लडप्रेशर. दीडला सलाईनची बाटली. तीनला बाहेरून एक ट्रॉली अशी कण्हत गेली की तिलाच अॅडमिट करून घ्यावे. पाचला रक्त, साडेपाचला अंग पुसणे, सहाला 'काका, चहा! बिनसाखरेचा!' नऊला डॉक्टर आले आणि म्हणाले, "काय, झोप लागली ना छान?" सोफ्यावरून सौ. म्हणाली, "हो, मला लागली."

यात सिस्टरांना मी दोष देत नाही. एकीच्या अंगावर इतक्या खोल्या टाकतात की त्या बिचारीला स्वतःलाच बसायला मिळत नाही. दोष आहे तो, सोफ्याचा रंग ठरवायला बैठक घेणाऱ्या पण रात्रीची कामे एका फेरीत उरकता येतील का याचा विचार न करणाऱ्या व्यवस्थेचा.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात रोग्याला पहिल्या झोपेतून उठवू नका, असे बजावून ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत रात्री वॉर्डात 30 डेसिबलपर्यंतच आवाज असावा, असे म्हटले आहे. 30 डेसिबल म्हणजे कुजबुज. 1984 साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेत पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या 46 रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामके कमी लागली. माझ्या खिडकीतून ए. सी.च्या डब्यांवर संसार थाटलेली कबुतरे दिसत. त्यांवर संशोधन व्हायचे आहे.

बरे, सोफ्याचे भाडे घ्या, आमची तक्रार नाही. पण पुष्कळ खाजगी हॉस्पिटलांत खोली वरची घेतली की सर्जनची फी वरची, भूल देणाऱ्यांची वरची, थिएटरचा दरही वरचा! थिएटर तेच, टेबल तेच, टाके तेवढेच. मालक डिलक्समध्ये उतरलाय हे त्या हर्नियाला कोण सांगते? त्यात विमा पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असली तर आणखी गंमत. मर्यादा 5000 ची आणि खोली 10000 ची असेल, तर नुसते भाडेच नव्हे, डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही निम्मेच मिळू शकतात. विमा नियामकाने 2020 मध्ये औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू या कात्रीतून सोडवल्या; शिवाय खोलीप्रमाणे दर बदलत नसतील त्या हॉस्पिटलात कात्री चालवू नका, असेही सांगितले. पण हे बारीक टाइपातले ज्ञान पोटात कळ आलेल्या माणसाने काउंटरवर उभे राहून वाचावे, अशी अपेक्षा! भरीला 2022 च्या जुलैत, अतिदक्षता विभाग सोडून, दिवसाला 5000 हून जास्त भाड्याच्या खोलीवर 5 टक्के जी. एस. टी. आला. म्हणजे जागरणावरही कर.

महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी खाजगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितले आहे. लावतातही. फक्त समोर कुंडीतले एखादे झाड ठेवतात. झाड दिसले की रोगी बरा होतो, हे उलरिकचे संशोधन त्यांनी बहुधा असे वाचले असावे.

माझे मागणे साधे आहे. बेल हाताशी बांधा. रात्री दिवा डोळ्यांवर नको. ट्रॉलीच्या चाकाला चार थेंब तेल घाला. आत येताना दारावर टकटक करा. रोगी झाला म्हणून माणूस कपड्यांची लाज सोडून येत नाही. आणि एका ऑपरेशनचा एकच दर ठेवा. यातले एकही काम असे नाही की जे डिलक्समध्ये जमेल आणि जनरल वॉर्डात जमणार नाही. झोप ही काही वरच्या मजल्याची सोय नव्हे, ते औषध आहे, आणि जनरलमधल्या हमालाला ते डिलक्समधल्या शेठजींइतकेच लागते.

रोगी झोपला तर लवकर बरा होईल आणि खोली रिकामी पडेल, अशी जर भीती असेल, तर तेही दरपत्रकावर लिहा. कुंडी आम्ही बाजूला सरकवून वाचू.