वेळ कोणाची मारता?

‘वेळ मारून नेणे’, ‘दिवस ढकलणे’, ‘पाट्या टाकणे’ हे वाक्प्रचार आपल्या भाषेत सर्रास चालतात; परंतु मारली जाते ती वेळ बहुधा दुसऱ्याची असते. दुकानावर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणारा गृहस्थच कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्यास ‘पैसे उद्या न्या’ असे सांगतो, तेव्हा त्या गरिबाचा एक दिवस व गाडीभाडे फुकट जाते. ज्या वर्धा जिल्ह्यात १९३६ साली शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, येऊन गांधीजींनी घड्याळाबरहुकूम प्रार्थना व सूतकताई चालविली, आणि १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचे केंद्र मानले, तेथे हे शोभत नाही. व्यापारीबंधूंस आमची विनंती एवढीच की, आजचे देणे आजच फेडावे. दुसऱ्याचा दिवस बुडविण्याचा अधिकार कोणासही नाही.