प्रयोगशाळा ते गोठा: मधल्या वर्षांचा हिशेब

गुरांच्या साथींची चर्चा आपल्याकडे नुकसानभरपाई, बाजारबंदी आणि लसीकरणाचे आकडे यांभोवतीच फिरते. रोगाचा विषाणू कोठे वाढवला जातो, त्यापासून लस कशी सिद्ध होते, हा विषय तज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः तो राज्यकारभाराचा विषय आहे.

लम्पी चर्मरोग भारतात प्रथम 2019 मध्ये ओडिशात आढळला. त्याच वर्षी रांचीतील बाधित गुरांच्या नमुन्यांतून हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला. (घोड्यांसाठी उभारलेल्या संस्थेने गाईंच्या लशीचे काम हाती घ्यावे, हे आमच्या शासकीय खातेवाटणीला न शोभणारे, पण स्वागतार्ह औचित्यभंग होय.) विषाणू जिवंत पेशीवाचून वाढत नाही. म्हणून तो आधी शेळीच्या मूत्रपिंडातील पेशींवर आणि नंतर ‘व्हेरो’ पेशींवर वाढवण्यात आला. या पेशी 1962 मध्ये जपानी संशोधकांनी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या. एका संवर्धनातून काढलेला विषाणू ताज्या पेशींवर सोडायचा, तो वाढला की पुन्हा काढायचा, असे पन्नास वेळा केले गेले. परक्या पेशींची सवय जडलेला विषाणू गुरांना आजारी पाडण्याची ताकद गमावतो; गुरांचे शरीर मात्र त्याला ओळखून प्रतिकार उभा करते. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या साहाय्याने सिद्ध झालेली ही लस 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जाहीर केली.

नेमक्या त्याच महिन्यांत देशभर गुरे मरत होती; त्या वर्षीचे मृत्यू सरकारी नोंदीनुसारच दीड लाखांवर गेले. लस होती, पण मात्रा नव्हत्या. गोठ्यांत टोचली गेली ती शेळ्यांच्या देवीची लस. विषाणू एकाच कुळातील असल्याने तिचा आधार मिळाला. 2019 च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 40 लाख गोवंश आहे. तेथील लसीकरणाची भिस्तही या पर्यायी लशीवरच होती. नव्या लशीच्या उत्पादनाचे अधिकार पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला डिसेंबर 2022 मध्ये मिळाले, तर ‘बायोवेट’ या खासगी कंपनीला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना मिळाला फेब्रुवारी 2025 मध्ये. विषाणू हाती आल्यापासून पाच वर्षे उलटून गेली होती.

जिवंत विषाणूच्या लशीची कसोशीने तपासणी व्हायलाच हवी. तेथे घाई नको. परंतु उत्पादनाची जागा, प्रशिक्षित माणसे आणि खरेदीची हमी यांसाठी साथ येईपर्यंत थांबण्याचे कारण काय?

बुळकांडीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. 1889 मध्ये पुण्यात स्थापन झालेली शाही जंतुशास्त्र प्रयोगशाळा 1893 मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलवली गेली. तेथे 1920 च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला. स्वतंत्र भारताची निर्मूलन मोहीम प्रथम त्या लशीवरच चालली. पण काही नाजूक जातींच्या गुरांना ती झेपत नसे. केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडातील पेशींवर विषाणू वाढवून 1960 च्या सुमारास निर्धोक लस दिली. तरीही भारत बुळकांडीमुक्त ठरायला 2006 साल उजाडले आणि जग 2011 मध्ये मुक्त झाले. शोध एका बाकावर लागला होता. रोग हटला तो वर्षानुवर्षे चाललेली लसनिर्मिती, शीतपेट्या आणि गावोगावची शोधमोहीम यांमुळे. साथ ओसरली म्हणून या यंत्रणेचा खर्च कापणे, हा हिशेब आम्हा प्रशासकांना नेहमीच सोयीचा वाटत आला आहे.

मी राहतो त्या काशीतील रामघाटाच्या गल्ल्यांत आडव्या बसलेल्या सांडाला वळसा घालूनच पुढे जावे लागते. त्याला मालक नाही, कानात बिल्ला नाही. आपली लसीकरणाची नोंद मात्र बारा आकडी बिल्ल्यावर चालते. 2022 मध्ये पूर्वेकडील जिल्हे वाचवण्यासाठी उत्तर प्रदेश सरकारने पीलीभीतपासून इटाव्यापर्यंत सुमारे 300 किलोमीटर लांबीचा लसीकरणाचा पट्टा आखला. कल्पना चांगलीच होती. पण चावऱ्या माश्या आणि डास यांच्यामार्फत पसरणारा विषाणू पट्टा ओलांडणारच नाही, याची खात्री कोण देणार? अशा पट्ट्याच्या अलीकडे आणि पलीकडे पुरेशा मात्रा हव्यात, मोकाट गुरांसाठीही हव्यात.

त्यासाठी केंद्राने खरेदीचा किमान वार्षिक आकडा आधीच जाहीर करावा, साथ असो वा नसो. सरकारी लसनिर्मिती संस्थांमधील पेशीसंवर्धनाचे विभाग बारमाही चालू राहावेत आणि तेथील रिक्त पदे भरली जावीत. प्रत्येक घाणीच्या गुणवत्तेचा अहवाल लोकांना पाहता यावा. पुण्याच्या संस्थेकडे नव्या लशीचे उत्पादन करण्याचा 15 वर्षांचा अधिकार आहे. त्यातून दरसाल किती मात्रा बाहेर पडल्या, याचे उत्तर विधिमंडळाने प्रत्येक अर्थसंकल्पी अधिवेशनात मागावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. अनुवादित लेख.)