पंधरवड्याची सेवा

अमेरिकेंतील चर्चांच्या तरुण मंडळींनीं सुटींत दोन आठवड्यांकरितां मलावीसारख्या देशांतील एखाद्या खेड्यांत जावें, शाळेच्या भिंती रंगवाव्या, मुलांस प्रार्थनागीतें शिकवावीं आणि धर्मसेवेच्या समाधानांत परतावें, अशी चाल आज रूढ झाली आहे. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु सद्धेतु हा अज्ञानावरील उतारा नव्हे. भिंती रंगविणारे हात त्या देशांतही आहेत. एका विमानतिकिटाच्या पैशांत तेथील मजुरास कित्येक महिन्यांचें काम मिळालें असतें.

यावर असें सांगण्यांत येतें कीं, या प्रवासानें जाणाऱ्यांचें मन विशाल होतें. होत असेल, पण मग त्यास त्यांचें शिक्षण म्हणावें, गांवाची सेवा म्हणूं नये!

इतिहासाची साक्षही हीच आहे. मलावींतच मागोमेरो येथें १८६१ सालीं बिशप मॅकेंझी यांनीं मिशन स्थापिलें. लोकांची भाषा पुरती कळण्यापूर्वींच मिशन याओ लोकांशीं लढाईंत गुंतलें. १८६२ त बिशप ज्वरानें वारले आणि १८६४ त मिशन झांझिबारला गेलें. उलट, रॉबर्ट मॉफट दक्षिण आफ्रिकेंत कुरुमान येथें कित्येक दशकें राहिले, आणि १८५७ पर्यंत त्यांनीं संपूर्ण बायबल सेत्स्वाना भाषेंत उतरविलें. त्यांचा धर्म कोणास पटो वा न पटो, त्या भाषेस ग्रंथ मिळाला.

ज्यास गांवाची भाषा शिकण्याइतकी फुरसत नाहीं, त्यानें त्या गांवास उपदेश करण्याची घाई करूं नये.