पहिल्या वाढदिवसानंतरचा डबा

पहिला वाढदिवस आटोपला, फुगे उतरले, पाहुणे परतले की पावडरीच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाच्या घरात एक वाद हमखास सुरू होतो. आजी म्हणते, आता पुरे झाला तो डबा, आपले साधे दूध द्या. आई म्हणते, डब्यात लोह आहे, जीवनसत्त्वे आहेत, वजन छान वाढते आहे, मग बदल कशाला? बाबा सहसा मत देत नाहीत. डब्याची किंमत मात्र त्यांना पाठ असते.

या वादात मी आजीच्या बाजूने आहे. पण आजी जे कारण देते त्यासाठी नव्हे, आणि ती सांगते त्या पद्धतीने तर नव्हेच. (मूल अजून अंगावर पीत असेल तर प्रश्नच वेगळा. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही खुशाल चालू ठेवावे.)

डबा हा काही खलनायक नाही. आईचे दूध मिळू शकले नाही अशा किती तरी मुलांना पहिल्या वर्षात त्यानेच तारले आहे. त्या वयात गाईम्हशीचे दूध हे मुख्य अन्न म्हणून चालत नाही. त्यातली प्रथिने कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातात आणि लोह जवळजवळ नसतेच. वर्ष उलटल्यावर मात्र परिस्थिती बदलते, कारण मूल जेवू लागलेले असते. वरणभात, भाकरी, अंडे, केळे यांतून त्याला जे मिळायला हवे, ते डब्यातून विकत घेण्याचे कारण उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनातही एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी साधे दूध पुरेसे मानले आहे आणि ‘पुढच्या टप्प्याच्या’ पावडरींची शिफारस केलेली नाही.

तरीही डब्यावर तीन आणि चार असे आकडे छापलेले असतात. आकडा पाहिला की आईला वाटते, ही इयत्ताच आहे. दुसरीतून तिसरीत जायलाच हवे! आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा पदार्थांची जाहिरात करता येत नाही. पण हा आकडा जाहिरातीचेच काम करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यातून पावणेतीन लिटरच्या आसपास दूध तयार होते. तेवढ्याच पिशवीच्या दुधाचा हिशेब शेजारी मांडून पाहा आणि उरलेल्या पैशांत किती अंडी, किती डाळ, किती फळे येतील तेही पाहा.

गंमत म्हणजे साध्या दुधाची आणि डब्याची जातकुळी एकच आहे. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांची पावडर बनवण्याची कृती म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेने बसवली आणि आणंदच्या सहकारी दुग्धालयाने ती बाजारात आणली. ‘म्हशीचे दूध बाळाला चालत नाही’ म्हणणारी कित्येक घरे म्हशीच्याच दुधाची पावडर बाळाला पाजत होती.

आता दूध कोणते? परदेशी पुस्तकांत ‘होल मिल्क’ द्या असे असते. तिथे त्याचा अर्थ सुमारे साडेतीन टक्के स्निग्धांशाचे दूध. आपल्या गाईच्या दुधाची पिशवी नेमकी तेवढीच असते. टोन्ड दुधात ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये ६. यातले कोणतेही चालेल. मुलाला पचते ते घ्यावे. दीड टक्क्याचे डबल टोन्ड मात्र दोन वर्षांपर्यंत नको. मेंदूच्या वाढीच्या या काळात स्निग्धांशावर काटकसर करू नये. आणि आजीबाईंचा तो जुना रिवाज, जड पडेल म्हणून निम्मे पाणी घालायचा, तो आता सोडावा. दूध जड वाटले तर पिशवी बदलावी, पाणी घालून त्याचे सत्त्व घालवू नये. धारोष्ण दुधाचे कौतुकही मुलाच्या बाबतीत नको; दूध उकळूनच द्यावे.

बदल हळूहळू करावा. आधी दिवसातली एक वेळ साध्या दुधाची, तीन-चार दिवसांनी दुसरी. चव आवडली नाही तर नेहमीसारखे पाण्यात तयार केलेले डब्याचे दूध आणि साधे दूध मिसळून प्रमाण बदलत न्यावे. पावडर थेट दुधात कालवू नये. ते मिश्रण फार दाट होते. साखर, चॉकलेटची पूड, काही नको. ज्या मुलाला दुधाची ॲलर्जी असून वेगळी पावडर चालू आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नये. बाटलीही याच सुमारास सुटावी. पूर्वी बोंडले होते, आता छोटे फुलपात्र घ्या. निम्मे अंगावर सांडेल, सांडू द्या. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात.

पण माझी खरी काळजी पुढची आहे. डबा सुटला की पुष्कळ घरांत दुधाचा पूर येतो. मूल जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे, म्हणून दिवसाला लिटरभर दूध जाते. पोट भरलेले मूल मग जेवत नाहीच. अर्ध्या लिटर दुधात लोह जेमतेम पाव मिलिग्रॅम. या वयाची गरज रोज सात-आठ मिलिग्रॅमची. शिवाय दुधातले कॅल्शियम अन्नातले लोह शोषू देत नाही. गुबगुबीत पण पांढरेफटक मूल असे तयार होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. ही केवळ गरिबाघरची गोष्ट समजू नये. शहरांतला आकडाही फारसा खाली नव्हता.

म्हणून दूध दिवसाला साडेतीनशे ते पाचशे मिलिलिटर, दही त्यातच धरायचे, आणि तेही जेवणाच्या तोंडावर नको. वरणभातावर लिंबू पिळायची आपली पद्धत लोहाच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. नाचणी, डाळी, पालेभाजी, चालत असेल त्या घरात अंडे, मासे, कलेजी हे सारे मऊ करून द्यावे.

डब्यातल्या लोहासाठी इतके पैसे मोजणाऱ्या घरांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध द्यायचे ठरलेले आहे, आणि सरकारी यंत्रणेतून ते मोफत मिळते. सोळाव्या महिन्यानंतरच्या बूस्टर लसीसाठी जाल तेव्हा वजन काट्यावर पाहून लगेच घरी परतू नका. हिमोग्लोबिन तपासायचे का आणि हे थेंब सुरू करायचे का, एवढे दोन प्रश्न डॉक्टरांना विचाराच.